आनंदीबाईचे काम

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठवला तेव्हा मी लोणच्याच्या कैऱ्या चिरीत होते. "विषय कोणता घेऊ?" म्हणून विचारले, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला हल्ली पेशवाईचेच वेड लागले आहे, त्यावरच लिहा." वेड लागले आहे हे खरे. पण ते लागले कसे, ते आधी सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळाने पेशवाईतले तीन प्रवेश बसवले, ते आपणा सर्वांना आठवतच असेल. पहिला थेऊरचा, थोरल्या माधवरावांच्या अखेरचा. दुसरा शनिवारवाड्यातला, नारायणरावांच्या वधाचा. आणि तिसरा पुरंदरावरचा. प्रवेश आपल्यातल्याच एका भगिनीने लिहिले होते. कामे वाटायला बसलो तेव्हा मोठी मौज झाली. रमाबाईच्या कामासाठी पाच जणी पुढे आल्या. गंगाबाईला दोघी मिळाल्या, पार्वतीबाईला एक. फार काय, सुमेरसिंग गारदी आणि तुळाजी पवार यांची कामेसुद्धा हां हां म्हणता गेली. आमच्या आळीतल्या एका वहिनींना तर मिशा लावायची जन्माची हौस होती, ती फिटली. आनंदीबाईचे काम मात्र कोणी घेईना. एक म्हणाली, "माझ्या सासूबाई पहिल्याच रांगेत बसणार." दुसरी म्हणाली, "घरात नवी सून आली आहे, तिला काय वाटेल?" तिसरी काहीच बोलली नाही, नुसती हात जोडून उठून गेली. शेवटी ते काम माझ्या गळ्यात पडले. माझा आवाज मोठा, आणि आता मला भ्यायला वरचे कोणी उरले नाही, अशी दोन कारणे सांगण्यात आली.

आता काम घेतले म्हणजे बाई होती कशी हे कळायला नको का? मला तिची ओळख, तुमच्यासारखीच, नाटक-कादंबऱ्यांतून. आपल्या गुरुवारच्या वाचनवर्गात ऐतिहासिक कादंबरीला नेहमी पहिला मान असतो. आपली मराठी ऐतिहासिक कादंबरी तशी जुनी आहे. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ सालची, मग हरिभाऊ आपटे, आणि मग कितीतरी. पण बायकांनी घरोघरी नेली ती रणजित देसाई यांची 'स्वामी'. ती १९६२ साली निघाली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून थेऊरला जाणारी बाई चिंतामणीचे दर्शन घेऊन नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी डोळे पुसल्यावाचून परत येत नाही. आपल्या सहलीत मीही पुसले. ते खोटे नव्हते.

परंतु काम पाठ करू लागले आणि एक गोष्ट मनाला टोचू लागली. आपण बोलताना 'रमाबाईंनी' म्हणतो, 'गोपिकाबाईंनी' म्हणतो, आणि 'आनंदीबाईने' म्हणतो. एका घरच्या, एकाच मानाच्या बायका; एकीचा अनुस्वार आपण कधी काढून घेतला? मी तरी या लेखापुरता तो परत देणार आहे.

वाचनालयात जाऊन मी आनंदीबाईंवरचे पुस्तक मागितले. तेथल्या मुलाने तत्परतेने 'आनंदी गोपाळ' काढून हाती ठेवले. त्या माउलीचे चरित्र कितीही वाचले तरी थोडेच, पण मला हव्या होत्या त्या आनंदीबाई दुसऱ्या. मग इतिहासाच्या कपाटापाशी जाऊन बसले, ती उन्हाळाभर बसले.

सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अशी. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचेच दिवस. नारायणराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे. चुलते राघोबादादा वाड्यातच नजरकैदेत. गारद्यांचा पगार तुंबलेला. राघोबादादांनी नारायणरावांना धरण्याचा हुकूम लिहून दिला; आनंदीबाईंनी 'धरावे'चे 'मारावे' केले; गारदी आत घुसले, आणि पोरगा काकाच्या गळ्यात मिठी मारून "काका, मला वाचवा" म्हणत असताना त्याला तोडला. 'ध'चा 'मा' करणे हा आपल्या भाषेत वाक्प्रचार झाला तो तेव्हापासून, असे आपण समजतो.

आता त्या कागदाचेच पाहा. ही हकीकत इतिहास म्हणून ठळकपणे मांडली ती ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने. त्याचा ग्रंथ १८२६ सालचा. म्हणजे वध होऊन त्रेपन्न वर्षे लोटली होती आणि पेशवाईही बुडाली होती. अक्षर बदलले ते आनंदीबाईंनी, हे त्यानेसुद्धा लोकांचा सार्वत्रिक समज म्हणूनच दिले आहे. पेशवे दप्तरातून पुढे हजारो कागद बाहेर आले, छापले गेले; तो एक कागद मात्र कोणाच्या हाती आलेला नाही. मी वकील नव्हे, पण ज्या कागदावर एका बाईचा जन्म काळा झाला तो कागद कोणी दाखवू शकत नाही, एवढे तर घरी बसणाऱ्या बाईलाही कळते.

आणि दुसरे असे की, रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते कोणाला? राघोबादादांना. तोंडावर सांगितले, आणि अशा राज्यात राहणार नाही म्हणून पुणे सोडून गेले. अपराध ज्याच्या पदरात न्यायाधीशाने घातला त्याची आठवण आज आपण 'अटकेपार झेंडा लावणारा राघोबा' अशी करतो, आणि अक्षर मात्र बायकोच्या नावावर. ही वाटणी कोणी केली? खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ साली रंगभूमीवर आले, आणि त्यातली आनंदीबाई पाहून पिढ्यान्‌पिढ्यांनी दात-ओठ खाल्ले. नाटककाराला दोष देत नाही. नाटकाला अशी बाई लागतेच. दुबळा नवरा आणि कानाशी लागणारी बायको ही जोडी रंगभूमीवर हटकून उभी राहते. पण नाटक पाहून घरी आल्यावर तरी आपण जरा विचार करावा.

मी आनंदीबाईंना निर्दोष ठरवायला निघाले आहे असे कृपा करून समजू नका. आपल्या नवऱ्याला पेशवाईची वस्त्रे मिळावीत ही त्यांची इच्छा उघड होती, आणि ती लपवण्याइतक्या त्या भित्र्या नव्हत्या. कोकणातल्या ओकांची लेक, राघोबादादांची दुसरी बायको. लिहिता-वाचता येत होते; त्यांची पत्रे छापली गेली आहेत. माधवरावांनी १७६८ साली धोडपला काकांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात आणून ठेवले, तेव्हापासून त्या कैद्याच्या बायको झाल्या. पाच वर्षे भिंतीआड राहणाऱ्या बाईच्या मनात काय काय शिजत असेल ते मी सांगू शकत नाही. शिजत होते खास. पण मनात शिजणे आणि हाताने अक्षर बदलणे यांत अंतर आहे.

पुढचे तर कादंबरीत कोणी फारसे सांगतच नाही. खरी कादंबरी तेथे आहे. बारभाईंनी कारस्थान रचले, राघोबादादा पळत सुटले. १७७४च्या अखेरीस आनंदीबाई गरोदर, दिवस भरत आलेले. दादांनी त्यांना धारच्या किल्ल्यात पवारांच्या आश्रयाला ठेवले आणि स्वतः गुजराथेकडे इंग्रजांची मदत मिळवायला निघून गेले. परक्या किल्ल्यात, नवरा परागंदा, अशा स्थितीत १७७५च्या जानेवारीत मुलगा झाला. तोच पुढे दुसरा बाजीराव. त्यानंतर दोनच महिन्यांनी दादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला, आणि त्यातून जे युद्ध पेटले ते १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत विझले नाही. मग कोपरगाव. तेथे १७८३च्या डिसेंबरात दादा वारले, आणि त्यांच्या पश्चात तीन-चार महिन्यांनी आनंदीबाईंना आणखी एक मुलगा झाला, चिमाजी. विधवा, पोटात मूल, आणि दारावर नाना फडणिसांची चौकी. ही चौकी मरेपर्यंत उठली नाही. १७९४ साली त्या गेल्या त्या पहाऱ्यातच. नानांचेही बरोबर होते, दोन मुलगे म्हणजे गादीवर हक्क सांगणारी दोन माणसे. पण ज्या मुलाने जन्मापासून विसाव्या वर्षापर्यंत पहारेकऱ्यांशिवाय जग पाहिले नाही, तो १७९६ साली पेशवा होतो आणि बावीस वर्षांत राज्य घालवून बसतो, याचे आपण आश्चर्य करतो. मला ते आश्चर्य आता वाटत नाही.

त्या गेल्या कोठे? आनंदवल्लीला! आपल्या नाशकात, गंगापूर रस्त्यावर. गावाचे नावच त्यांच्यावरून पडलेले. नवश्या गणपतीला आपण सगळ्याच जातो. मुलाच्या परीक्षेसाठी, सुनेच्या बाळंतपणासाठी नवस बोलतो. ते स्थान राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्या वेळचे, त्यांच्याच नवसाचे, असे तेथे सांगतात. म्हणजे जिच्या नावाचे काम करायला आपल्यातली एक धजत नव्हती, तिच्या गणपतीपुढे घंटा बांधायला मात्र आपली रांग लागते. तालमीत मी हे बोलून दाखवले तेव्हा क्षणभर सगळ्या गप्प झाल्या, आणि मग ज्या बाई हात जोडून उठून गेल्या होत्या त्यांनी विचारले, "खरेच? मी गेल्या मंगळवारीच जाऊन आले."

त्याच रस्त्याने पुढे गेले की गंगापूर. तेथे गोपिकाबाई राहिल्या. वाईच्या रास्त्यांची लेक, नानासाहेबांची पत्नी. यांच्यावरही कथा-कादंबऱ्यांनी थोडे का लादले आहे? भाऊसाहेबांचा मत्सर केला, म्हणून विश्वासरावाला पानिपतावर पाठवले, एकूण पानिपताचे पाप त्यांच्याच माथी. हिशेब असा मांडा: १४ जानेवारी १७६१ रोजी थोरला मुलगा पानिपतावर पडला; २३ जूनला पर्वतीवर नवरा गेला; त्याच्या आदल्याच डिसेंबरात नवऱ्याने पैठणकडे दुसरे लग्न केले होते. १७७२ला माधवराव गेले, १७७३ला नारायणराव. सगळे मुलगे गेल्यावर ही बाई पंधरा वर्षे जगली. माधवरावाशी पटले नाही म्हणून पुण्याचा वाडा सोडून त्या गोदाकाठी येऊन राहिल्या होत्या, तेथून त्यांनी कारभारात पुन्हा हात घातला नाही असे म्हणवत नाही. पण नातवाने, म्हणजे सवाई माधवरावाने, आपण कसे वागावे म्हणून आजीला विचारले तेव्हा दिवसाची चर्या कशी असावी, कोणाशी कसे बोलावे, हे तिने त्याला लिहून कळवले. तो कागद उपलब्ध आहे. आपल्याकडे एकीच्या नावावर न सापडणारा कागद गाजतो आणि दुसरीच्या नावावर सापडलेला कागद कोणी वाचत नाही.

कादंबरीकारांवर माझा राग नाही, हे पुन्हा सांगते. त्यांच्यामुळेच तर आपण कपाटापर्यंत जातो. ना. सं. इनामदारांनी 'शिकस्त' लिहून पार्वतीबाईंना आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवले, हे उपकारच आहेत. पण कादंबरीला चितेवर जाणारी बाई सोपी पडते. रमाबाई थेऊरला माधवरावांबरोबर सती गेल्या. तेथे कथा संपते, वाचणारीचे डोळे भरतात. जी मागे राहते, म्हातारी होते, भांडते, कागद पाठवते, मुलांच्या हक्कासाठी दाराशी बसलेल्या शिपायाशी रोज हुज्जत घालते, तिला कोठे बसवायचे हे लेखकाला समजत नाही. मग तिची कारस्थानी बाई होते.

ताराबाईंचेच घ्या ना. औरंगजेबाशी सात वर्षे झुंजल्या तेथवर त्या रणरागिणी. १७०७ साली शाहू सुटून आल्यावर त्यांनी हक्क सोडला नाही, की लगेच त्या हट्टी. १७१४ साली कोल्हापुरात सवतीने त्यांनाच कैदेत टाकले. पुढे साताऱ्यास आल्या. शाहूमहाराज जाण्याच्या सुमारास रामराजा हा आपला नातू म्हणून पुढे आणला, १७५० साली त्यालाच किल्ल्यावर कोंडले, आणि १७५२ साली जेजुरीला खंडोबाच्या पायाशी शपथ घेऊन सांगितले की हा आपला नातू नव्हेच! वय पंचाहत्तरीच्या पुढे. पेशव्यांनासुद्धा त्यांच्याशी गोडीनेच घ्यावे लागले. पानिपत होऊन गेल्यावर १७६१च्या डिसेंबरात त्या वारल्या. असे पात्र कोणी कल्पनेने रचले असते तर आपणच म्हणालो असतो की अतिशयोक्ती झाली.

तसेच थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई. 'राऊ' वाचून आपण त्यांना मस्तानीच्या आड येणारी करडी सासू म्हणून ओळखतो. १७३५ साली त्या काशीयात्रेला निघाल्या. उदेपूर, जयपूर असे दरबार वाटेत लागले, आणि तेथे त्यांचा मोठा सन्मान झाला. जेथे मुलाची फौज गेली तर तंटा व्हायचा तेथे आईची पालखी गेली. पाठोपाठ बाजीराव स्वतः राजपुतान्यात गेले तेव्हा वाट मऊ झालेली होती. यात्राही झाली आणि राजकारणही. आपल्यातली कोणती सासू असे करीत नाही? लग्नाच्या बोलाचाली अडल्या की आधी हळदीकुंकवाला जाऊन येते ती कोण?

पण मला तिसऱ्या प्रवेशाविषयी सांगायचे आहे, कारण तोच सर्वांत कमी टाळ्या घेऊन गेला. नारायणरावांचा वध झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. वय कोवळे, नवरा मारला गेलेला, आणि ज्यांच्यावर संशय तेच गादीवर. वाड्यात एकही दार असे नव्हते की जेथे निर्धास्त निजावे. १७७४च्या जानेवारीत बारभाईंनी त्यांना पुण्याहून काढून पुरंदरावर नेले. सोबत पार्वतीबाई गेल्या, भाऊसाहेबांच्या. या बाईने आपले कुंकू पुसले नव्हते; पानिपतानंतर तेरा वर्षे ती नवऱ्याची वाट पाहत होती. एक विधवा पोर आणि एक विधवा न होणारी बाई, दोघी गडावर. खाली सगळे राज्य त्या पोटाकडे डोळे लावून बसलेले. मुलगी झाली तर कारस्थान बुडाले. गडावर आणखी गरोदर बायका नेऊन ठेवल्या आहेत, ऐन वेळी मूल बदलणार आहेत, अशा कंड्याही उठल्या. १८ एप्रिलला मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. पाळण्यातला पेशवा! नाना आणि सखारामबापू यांचे शहाणपण सगळे सांगतात. त्या तीन महिन्यांत गंगाबाईंना रात्री झोप कशी लागली असेल, पार्वतीबाईंनी तिला काय सांगून निजवले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. बाळ तीन वर्षांचे झाले आणि १७७७ साली गंगाबाई गेल्या. पार्वतीबाईंपुढे मध्यंतरी तोतया भाऊ उभा राहिला, १७७६च्या अखेरीस त्याला देहान्त शिक्षा झाली, आणि त्याही १७८३ साली गेल्या. वाट पाहतच.

आता प्रयोगाचे. मी बैठकीत म्हटले होते, 'ध'चा 'मा' होतो तेवढा भाग गाळावा, निदान सूत्रधाराच्या तोंडी 'असे लोक म्हणतात' एवढे तरी घालावे. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, तेच गाळले तर लोक बघायला येतील कशाला?" त्यांचेही खरे होते, वर्गणी लोकांकडूनच यायची. वाद झाला, मते पडली, मी हरले. मग जसा लिहिला होता तसा प्रवेश केला. समईच्या उजेडात कागद उलगडला, लेखणी बुडवली. समोर पोरे "शी! शी!" करून ओरडली, मागून कोणी शीळ घातली, आणि खरे सांगते, त्या क्षणी मलाही त्या बाईचा राग आला, इतके ते काम हातात बसलेले होते. आत आल्यावर शालूची घडी घालताना हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत एका मुलीने आईला माझ्याकडे बोट दाखवून "त्या बघ, त्या काल मारणाऱ्या" असे सांगितले. आई ओशाळली. मी म्हटले, "असू दे."

यंदा पुन्हा तेच प्रवेश करावेत अशी पुष्कळांची मागणी आहे, आणि या खेपेला अध्यक्षबाईंनी आपण होऊन सूत्रधाराची दोन वाक्ये वाढवायला सांगितली आहेत. धारच्या किल्ल्यातला एक नवा प्रवेशही लिहून तयार आहे. त्यात दोनच बायका आहेत, आनंदीबाई आणि सुईण. तालमी श्रावणात सुरू होतील. मी यंदा पार्वतीबाईंचे काम मागितले आहे, तेव्हा ज्यांना आनंदीबाईंचे काम हवे असेल त्यांनी आषाढ संपण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. शालू मी देईन.